पाळीव प्राणी आणि शेजारधर्म
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा बंग-महाराष्ट्र संबंध असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला आम्ही कुत्र्यामांजरांचा विषय आणून बसविला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या वसाहतीत, ब्लॉक समित्यांच्या बैठकांत आणि आपल्या मंडळाच्या कोजागरीच्या गप्पांतही, ज्या एका प्रश्नाने जुन्या स्नेह्यांमध्ये अबोला आणला आहे तो हाच. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे एका बाजूला आणि त्यांच्या भीतीने सकाळचे फिरणे सोडून दिलेले वृद्ध दुसऱ्या बाजूला, असे तट पडले आहेत. पन्नास वर्षे एकत्र गणपती बसविणाऱ्या माणसांना या प्रश्नाचा निकाल समंजसपणे लावता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

प्रथम आपण जेथे राहतो त्या भूमीकडे पाहू. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कल्पनेतून हे नगर उभे राहिले. १९६२ साली हुगळीतला गाळ नळांवाटे आणून येथील खारी दलदल भरण्यास आरंभ झाला आणि युगोस्लाव्ह नियोजनकार तोश्कोविच यांच्या आराखड्याप्रमाणे रस्ते, उद्याने व ब्लॉक आखले गेले. त्यापूर्वी येथे भेडी, म्हणजे मासळीची तळी होती; कोल्ही, मुंगसे आणि पाणपक्षी होते. १९६५ साली, म्हणजे भरावाचे काम चालू असतानाच, या खाऱ्या तळ्यांच्या परिसरातील पाणथळ मुंगसाचे वर्णन एका प्राणिशास्त्रज्ञाने नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले. शास्त्राला ज्याची ओळख पटली, त्याचे घर त्याच वेळी बुजविले जात होते. तात्पर्य, या नगरीत आपण प्राण्यांच्या नंतर आलो आहोत. पूर्वेकडे जी पाणथळ भूमी उरली तिला २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. पण वसाहतीच्या आत मुख्यत्वे जे चतुष्पाद राहिले, ते माणसाच्या उष्ट्यावर आणि माणसाच्या मर्जीवर जगणारे.

आपल्या परंपरेत या प्राण्यांना मान आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या प्रांतात आपण नांदतो तेथे तर षष्ठीदेवीचे वाहनच मांजर. परंतु तसबिरीतल्या कुत्र्याला लस टोचावी लागत नाही आणि त्याच्यामागे रस्ताही झाडावा लागत नाही. नामदेवांची कथा भूतदयेची आहे. उरलेली पोळी जिन्यात टाकून दार लावून घेण्याची ती कथा नव्हे. पूज्यबुद्धी आणि जबाबदारी यांच्यामध्ये जी मोकळी जागा आपण ठेवली आहे, तीतच आजचे सारे तंटे वाढले आहेत.

हे तंटे नवे नाहीत. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात कुत्र्यांवरून दंगल झाली. मोकाट कुत्री मारण्यासाठी सरकारने दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. श्वानाला पवित्र मानणारे पारशी बांधव खवळले, दुकाने बंद झाली, फौजेच्या शिध्याचीही अडवणूक झाली. दुसरे उदाहरण याच कलकत्त्याचे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारी आशियातील पहिली संस्था १८६१ साली येथे कोल्सवर्दी ग्रँट यांनी स्थापन केली. रायटर्स बिल्डिंगसमोर त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आणि तिसरे उदाहरण आपल्याच पूर्वजांचे, थोडे विनोदाने घ्यावे. १७४२ साली बर्गींच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती 'मराठा खंदक' खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही आणि बर्गीही कलकत्त्यात आले नाहीत. पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता काढला. केवळ भीतीने हाती घेतलेल्या कामांची गत बहुधा अशीच होते, आणि कुत्र्यांच्या बाबतीतही ती तशीच झालेली आहे. मद्रासची महापालिका पिढ्यान्‌पिढ्या कुत्री मारीत होती, तरी रस्ते कधी रिकामे झाले नाहीत. तेथील 'ब्लू क्रॉस' या संस्थेने १९६४ पासून शस्त्रक्रियेने निर्बीजीकरणाचा पर्याय मांडला. महापालिकेने तो स्वीकारला १९९६ साली!

मारून संख्या का घटत नाही, याचे कारण साधे आहे. एखाद्या गल्लीत किती कुत्री राहतील हे तेथे मिळणाऱ्या अन्नावर ठरते. कुत्री नाहीशी केली आणि कचरा तसाच राहिला, तर ती जागा शेजारच्या गल्लीतली कुत्री भरून काढतात. ती नवखी, लस न टोचलेली आणि जागेसाठी भांडणारी असतात. उलट निर्बीजीकरण केलेले व लस दिलेले कुत्रे आपल्या जागी राहिले, तर ते नव्यांना येऊ देत नाही आणि स्वतः वंश वाढवीत नाही. २००१ साली केंद्र सरकारने केलेल्या आणि १० मार्च २०२३ रोजी नव्याने जारी झालेल्या श्वान-जनन नियंत्रण नियमांचा पाया हाच आहे.

आता भीतीचा विचार करू, कारण ती निराधार नाही. रेबीज, ज्याला आपण पिसाळणे म्हणतो, त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात, आणि माणसाला तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या मुलास पहिली लस टोचली, तेव्हापासून हा मृत्यू टाळता येतो हे आपणांस ठाऊक आहे. आमच्या पिढीला पोटात टोचावयाच्या चौदा इंजेक्शनांची दहशत होती. ती जुनी लस आता इतिहासजमा झाली आहे. हल्ली दंडावर चार-पाच वेळा टोचून भागते. चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांतले काही लावू नये. आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घ्यावे लागते. 'घरचाच कुत्रा आहे', 'नुसता ओरखडा आहे' म्हणून थांबणे हाच खरा धोका होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते. या वादात ज्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो, त्यांना चावा बसण्याचा संभव सर्वांत कमी असतो. कुत्र्यांचा कैवार घेणारे वरच्या मजल्यावर राहतात, कुत्र्यांचा द्वेष करणारे मोटारीतून जातात. पहाटे अंधारात पायी येते ती घरकामाची मावशी. सायकलवरून येतो तो वर्तमानपत्रवाला. रात्रभर फाटकाशी बसतो तो दरवान. चावा यांना बसतो, आणि लसीच्या प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते तीही यांचीच. आपल्या बैठकांना यांना कोणी बोलावीत नाही. प्राण्यांवर दया करावी की माणसांवर, असा प्रश्न आपण घालतो, तेव्हा ज्या माणसांविषयी बोलतो ती खोलीत हजरच नसतात.

कायदा काय सांगतो? १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा संसदेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आला. प्राण्यास मारहाण करणे, उपाशी ठेवणे, आखूड साखळीने सदैव जखडणे आणि नकोसे झाल्यावर सोडून देणे, हे सारे त्यान्वये गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास त्या कायद्यात ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. त्या रकमेवरून गुन्ह्याची किंमत करू नये, इतकेच आम्ही म्हणू. प्राण्यास ठार मारणाऱ्यास किंवा जायबंदी करणाऱ्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच संहितेच्या २९१ व्या कलमान्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसास धोका पोहोचू नये याची काळजी न घेणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायदा एकाच हाताने प्राण्याला जपतो आणि मालकाचा कान धरतो. पोपटाविषयीही सांगितले पाहिजे. पिंजऱ्यातला हिरवा राघू आपल्या घरांत जितका, तितकाच बंगाली घरांत लाडका. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे भारतीय पोपट पाळणे वा विकणे निषिद्ध आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात पुष्कळ ऊहापोह झाला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने न्यायालयाने आधीचा कडक हुकूम सौम्य केला: निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा आक्रमक सोडू नयेत, आणि वाटेल त्या रस्त्यावर खाऊ न घालता नेमून दिलेल्या जागीच घालावे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगितले. दोन्ही पक्षांनी आपल्या सोयीची ओळ उचलली व दुसरी वगळली. आम्ही एवढेच म्हणतो की आदेश सबंध वाचावा.

आता कर्तव्याकडे वळू. आपल्या मंडळाच्या सभासदांनी, नगरपालिकेच्या बडग्याची वाट न पाहता, पुढील नियम स्वेच्छेने पाळावेत असे आम्ही सुचवितो.

१. ज्याच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्याने दरवर्षी रेबीजची लस टोचून दाखला जपून ठेवावा, आणि कुत्र्याची नोंद महानगरपालिकेकडे करावी.

२. पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. 'एकदा तरी होऊ द्या' या हौसेतून झालेली पिल्ले अखेर बाजाराच्या वाटेवर सापडतात.

३. घराबाहेर कुत्रा दोरीनेच न्यावा, आणि दोरी त्याला आवरू शकणाऱ्या माणसाच्या हाती असावी. घाण झाल्यास ती मालकाने उचलावी. ते काम झाडूवाल्याचे नव्हे.

४. उद्वाहकात म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल तर कुत्रेवाल्याने थांबावे. त्याचबरोबर, इमारतीत कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे समित्यांनीही ध्यानात घ्यावे.

५. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ठराविक जागी व ठराविक वेळी घालावे. २०२३ च्या नियमांत जिने, फाटके आणि मुलांची खेळण्याची ठिकाणे वर्ज्य सांगितली आहेत, आणि योग्य जागा ठरविण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर टाकली आहे. जो खाऊ घालतो त्याने शस्त्रक्रियेसाठी व लसीसाठी ते कुत्रे पकडून देण्यासही साह्य करावे.

६. गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून मोहाने पिल्लू आणू नये. बर्फाळ प्रदेशातले केसाळ कुत्रे कलकत्त्याच्या वैशाखात ठेवणे ही हौस नसून त्या जिवाला शिक्षा आहे. ज्याला पाळावयाचेच आहे त्याने गल्लीतले देशी पिल्लू घ्यावे. ते येथल्या हवेचे आहे.

७. लग्न, मुंज आणि पूजेच्या पंक्तीनंतर उष्टे उघड्यावर टाकू नये. हा नियम सर्वांत साधा असून सर्वांत गुणकारी आहे.

हे सारे घडेल का, अशी शंका कोणी घेईल. त्यास गोव्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. तेथे सरकार, पशुवैद्य आणि स्वयंसेवक यांनी मिळून गावोगाव फिरून वर्षाला जवळजवळ लाखभर कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकविले, आणि चाव्याची खबर देण्याची व्यवस्था केली. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाला, तेव्हा मागील तीन वर्षांत तेथे एकही माणूस या रोगाने दगावला नव्हता. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. एका ब्लॉकात कुत्री किती असतात? मोजली तर बोटांवर नाही, पण एका वहीच्या पानावर मावतील. त्यांतल्या सत्तर टक्क्यांचा हिशोब ज्या मंडळाने पन्नास वर्षे वर्गणीचा हिशोब चोख ठेवला त्याला जड जाऊ नये.

२८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या खर्चात आपण एका लसीकरण शिबिराची रक्कम बाजूला काढावी, ब्लॉक समितीच्या आपल्या बंगाली शेजाऱ्यांना त्यात बरोबरीने घ्यावे, आणि आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना व फाटकावरच्या दरवानांना त्या दिवशी निमंत्रण देऊन चाव्यानंतर काय करावे ते त्यांच्या भाषेत समजावून द्यावे, अशी आमची सूचना आहे. कार्यकारिणीने ती पुढील बैठकीत विचारात घ्यावी, अशी विनंती आहे.