जेत्याचा कायदा

इ. स. १०६६ च्या नाताळच्या दिवशी लंडननजीक वेस्टमिन्स्टरच्या मठमंदिरात एक राज्याभिषेक झाला. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १४ ऑक्टोबर रोजी हेस्टिंग्जच्या रणांगणावर इंग्लंडच्या हॅरल्ड राजाचा पराभव केला होता. हॅरल्ड तेथेच पडला, आणि अवघ्या दहा आठवड्यांनी विजेता त्याच्या सिंहासनावर बसत होता. रिवाजाप्रमाणे जमलेल्या लोकांना विचारण्यात आले, ‘हा राजा तुम्हांस मान्य आहे काय?’ प्रश्न दोनदा विचारावा लागला. यॉर्कच्या आर्चबिशपांनी तो इंग्रजीत विचारला आणि कुटांसच्या बिशपांनी फ्रेंच भाषेत. लोकांनी मोठ्याने होकार दिला. बाहेर पहाऱ्यावर असलेल्या नॉर्मन शिपायांच्या कानी तो गलका गेला. त्यांना भाषा कळेना. आत दगाफटका झाला असे समजून त्यांनी आसपासची घरे पेटवून दिली. प्रजेने केलेला जयघोष राज्यकर्त्याच्या शिपायांना बंडाचा आवाज वाटला! पुढील अनेक वर्षांच्या कायद्यांचे बीज या एका प्रसंगात दिसते.

जेत्याने जितांवर लादलेले कायदे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुलमी फर्माने येतात. विल्यमच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. त्याचे म्हणणे असे की, आपण परका विजेता नसून एडवर्ड राजाचे कायदेशीर वारस आहोत. मग वारसाने पूर्वजाचा कायदा मोडावा कसा? लंडनच्या नागरिकांना त्याने एक सनद दिली. ती इंग्रजी भाषेत आहे आणि अवघ्या काही ओळींची आहे. एडवर्डच्या काळी जे हक्क होते ते सर्व चालू राहतील, बापाच्या पश्चात मुलाला वारसा मिळेल, आणि तुमच्यावर कोणी अन्याय केलेला मला खपणार नाही, असा तिचा आशय. विल्यमच्या नावाने दहा कलमांचा एक छोटासा कायदेसंग्रह प्रसिद्ध आहे. तो आज ज्या स्वरूपात मिळतो ते स्वरूप त्याच्या मृत्यूनंतरचे, बाराव्या शतकाच्या प्रारंभीचे आहे. त्यातही एडवर्डचाच कायदा सर्वांनी पाळावा असे स्पष्ट सांगितले आहे. फक्त पुढे एक पुस्ती जोडली आहे: ‘इंग्रज लोकांच्या हितासाठी मी ज्या सुधारणा केल्या त्यांसह.’

शासनाच्या सेवेत काही वर्षे काढलेल्या माणसाची दृष्टी अशा वेळी आपोआप त्या पुस्तीकडेच वळते. मूळ कायदा कायम ठेवून ‘हितासाठी’ केलेल्या सुधारणा कोणत्या, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

त्या दहा कलमांतील तिसरे कलम पाहा. विल्यमबरोबर आलेल्या माणसांपैकी कोणाचा खून झाला, तर मारेकऱ्याच्या धन्याने पाच दिवसांच्या आत त्याला पकडून हजर करावे. ते न जमल्यास त्याने राजाला ४६ मार्क रुपे दंड भरावा. त्याची ऐपत संपली, तर उरलेली रक्कम त्या संपूर्ण ‘हंड्रेड’ने, म्हणजे काही गावे मिळून झालेल्या त्या विभागाने, एकत्रित भरावी. ४६ मार्क म्हणजे तीस पौंडांहून अधिक. त्या काळच्या खेड्यांना ही रक्कम चिरडून टाकणारी होती. या दंडाचे नाव ‘मर्ड्रम’. खुनाला इंग्रजीत आज जो शब्द रूढ आहे त्याचा हा सख्खा भाऊबंद. गुप्तपणे केलेली हत्या, हा त्याचा मूळ अर्थ. अशा दंडाचे मूळ काही जुने ग्रंथ विल्यमपूर्वीच्या कनूट या डॅनिश राजाकडे नेतात. तोही जेताच होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

हा कायदा कशातून निघाला ते समजणे कठीण नाही. काही हजार नॉर्मन लोक वीस लाखांच्या आसपास असलेल्या प्रजेवर राज्य करू पाहत होते. रानावनात, एकट्यादुकट्या वाटेवर नॉर्मन माणूस गाठून मारला जाई आणि गाव मिठाची गुळणी धरून बसे. गावाला बोलते करण्याचा उपाय म्हणून सामुदायिक दंड आला. भीतीतून निघालेला हा कायदा होता.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रेत सापडले की पहिला प्रश्न उभा राही, मेलेला माणूस कोण? नॉर्मन की इंग्रज? कायद्याने याचे उत्तर आधीच ठरवून टाकले होते. उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रेत फ्रेंच माणसाचेच मानले जाई. मृत मनुष्य इंग्रज होता हे सिद्ध करण्याचा भार गावावर. त्यासाठी मृताच्या पित्याकडील आणि मातेकडील नातलगांनी अधिकाऱ्यांपुढे येऊन त्याच्या कुळाची साक्ष द्यायची. ती साक्ष पटली तर गाव सुटे, कारण इंग्रज माणसाच्या मृत्यूबद्दल हा दंड नव्हताच! श्रोतेहो, आपला माणूस आपल्यापैकीच होता, म्हणून त्याच्या जिवाची किंमत राजदरबारी नाही, हे त्याच्याच आप्तांनी शपथेवर सांगायचे आणि सुटकेचा निःश्वास टाकायचा. जितांचे जिणे म्हणजे काय, हे याहून थोडक्यात कोणत्या बखरीने सांगितले असेल?

दुसरे एक कलम न्यायदानाविषयी आहे. फ्रेंच माणसाने इंग्रजावर चोरी, खून किंवा खोट्या शपथेचा आरोप केला, तर इंग्रजाने आपला निरपराधपणा तप्त लोखंडाच्या दिव्याने किंवा द्वंद्वयुद्धाने सिद्ध करावा; यांतले काय निवडायचे ते त्याच्या इच्छेवर. दिव्य हा इंग्रजांचा जुना प्रकार, तर द्वंद्व हा नॉर्मनांनी समुद्रापलीकडून आणलेला. दिव्य म्हणजे काय हे मराठी श्रोत्यांना समजावून सांगायला नको. वतनाच्या तंट्यांत उकळत्या तेलातून रवा काढण्याची दिव्ये आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत जागोजाग आढळतात. वरवर पाहता येथे इंग्रजाला निवड दिली आहे, आणि ती खरोखरच काही प्रमाणात उदार आहे. परंतु उलट बाजूने पाहा. इंग्रजाने फ्रेंच माणसावर आरोप केला आणि तो दिव्याने किंवा द्वंद्वाने सिद्ध करण्याची त्याची तयारी नसेल, तर फ्रेंच माणूस केवळ शपथ घेऊन सुटे. एकाच्या हाती तापलेले लोखंड आणि दुसऱ्याच्या ओठी चार शब्द!

विल्यमला सर्वस्वी क्रूर ठरवणे मात्र न्यायाचे होणार नाही. माणसांना देशाबाहेर विकण्याची त्याने मनाई केली. कोणत्याही अपराधासाठी कोणाला ठार मारू नये किंवा फासावर चढवू नये, असेही त्याच दहा कलमांत म्हटले आहे. केवळ त्याऐवजी डोळे काढावेत आणि पुरुषत्व हरण करावे, असे लगेच पुढे सांगितले आहे. दयेची व्याख्या त्या शतकात अशी होती. त्याने मुलूखच्या मुलूख ‘फॉरेस्ट’ म्हणून राखून ठेवले. या शब्दाचा अर्थ केवळ झाडी असा नव्हता. त्या हद्दीत शेते आणि गावेही येत. तेथे हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा नियम होता. राजाचे हरणांवर पित्यासारखे प्रेम होते, असे त्या काळच्या इंग्रज इतिवृत्तकाराने लिहून ठेवले आहे. त्यातला उपरोध नऊशे वर्षांनंतरही बोथट झालेला नाही.

विल्यमची आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ऑर्डरिक व्हिटॅलिस नावाच्या इतिहासकार साधूने लिहिले आहे की, प्रजेच्या फिर्यादी दुभाष्यावाचून समजाव्यात म्हणून राजाने प्रौढ वयात इंग्रजी शिकण्याचा प्रयत्न केला. पण वय आणि राज्यकारभाराचा व्याप यांमुळे ते त्याला साधले नाही. राजाला प्रजेची भाषा आली नाही, आणि लवकरच राजपत्रांतूनही इंग्रजी लोपली; तिची जागा लॅटिनने घेतली. पुढे न्यायालयांत फ्रेंचचा अंमल बसला. आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याची सोय इंग्लंडच्या प्रजेला कायद्याने १३६२ साली मिळाली. न्यायाधीश, तुरुंग, ज्यूरी यांना इंग्रजीत आज जे शब्द आहेत ते सारे फ्रेंचमधून आले. आपणही फिर्याद, वकील, जामीन हे शब्द असेच बोलतो, आणि ते फार्सी-अरबी आहेत याची आठवणही होत नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच जाणिवेने. कायद्याची भाषा ही सत्तेची खूण असते, हे त्यांनी ओळखले होते.

विल्यमच्या कारभाराचा कळस म्हणजे ‘डूम्सडे बुक’. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरला असता त्याने सर्व राज्याची पाहणी करण्याचा हुकूम दिला. तेरा हजारांहून अधिक गावांची नोंद झाली: जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, धनी कोण. प्रत्येक जमिनीबद्दल तीन काळांची माहिती मागितली होती: एडवर्डच्या वेळी काय होते, विल्यमने ती दिली तेव्हा काय होते आणि आज काय आहे. या तीन रकान्यांत हॅरल्डच्या राज्याला जागाच नाही. कागदावर तो राजा झालाच नव्हता! आणि ‘आज’च्या रकान्यातील नावे पाहिली, तर राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या बड्या सरदारांत इंग्रज म्हणावेत असे जेमतेम दोन उरले होते. ‘बापाच्या पश्चात मुलाला वारसा मिळेल’ हे वचन कायम होते. केवळ बाप बदलले होते.

आता या कथेचा उत्तरार्ध. विल्यमनंतर सुमारे शंभर वर्षांनी, ११७९ च्या आसपास, राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने राजकोषाच्या कारभारावर एक ग्रंथ लिहिला. तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यात शिष्य मर्ड्रमविषयी विचारतो आणि गुरू म्हणतो, आता इंग्रज आणि नॉर्मन एकत्र राहतात, एकमेकांत लग्ने करतात. स्वतंत्र लोकांपुरते पाहिले तर कोण कोणत्या कुळाचा हे सांगणे दुरापास्त झाले आहे. मग दंडाचे काय? तो चालूच! ज्यांचे दास्य उघड दिसते असे लोक वगळून, खून झालेला जो कोणी सापडेल त्याच्याबद्दल दंड घेतला जाई. ज्या भेदासाठी कायदा झाला तो भेद घरोघरच्या लग्नांनी पुसून टाकला होता. पण वसुलीच्या वहीत त्याचे खाते उघडे होते.

आम्हां कारभारी मंडळींचे हे जुनेच दुखणे आहे. कायद्याचे कारण मरते, पण त्याचे उत्पन्न मरत नाही. तेराव्या शतकात अपघाती मृत्यूंबद्दलही हा दंड घेतला जाऊ लागला, तेव्हा ओरड झाली आणि १२६७ साली तो खुनापुरता मर्यादित करण्यात आला. संपूर्णपणे तो रद्द झाला १३४० साली. हेस्टिंग्जनंतर २७४ वर्षे! द्वंद्वयुद्धाने न्याय मागण्याचा हक्क तर त्याहून चिवट निघाला. खुनाच्या एका खटल्यात आरोपीने न्यायालयात हातमोजा फेकून द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि तो हक्क कायद्यात अद्याप जिवंत आहे हे १८१८ साली न्यायाधीशांना मान्य करावे लागले. पार्लमेंटने तो १८१९ मध्ये रद्द केला. त्याच साली एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला आणि आपल्या पंचायतींचे गुणदोष तोलले.

येथेच ही दूरदेशीची कथा आपल्या उंबरठ्याशी येते. आपला माणूस इंग्रज होता हे शपथेवर सिद्ध करणाऱ्यांचे वंशज पुढे स्वतः जेते झाले. त्यांनी १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्मलेला मनुष्य, त्याने काही केले असो वा नसो, संशयित मानला गेला. त्याने हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचे नाही. सोलापूरला काटेरी तारांच्या आत अशी वसाहत होती. निरपराधपणा सिद्ध करण्याचा भार पुन्हा एकदा जन्मावर टाकण्यात आला. १९४२ च्या आंदोलनात गावांवर सामुदायिक दंड बसले, तेव्हा हंड्रेडवरील तो जुना दंडच नव्या वेषात आला होता. गुन्हेगार जमातींचा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली देशभर रद्द केला. पण चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालावर जायचे, याविषयीच्या सवयी कायद्याबरोबर रद्द झाल्या असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

म्हणून कोणताही कायदा वाचताना तो काय आज्ञा करतो एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाला आधीच खरे मानतो आणि कोणाकडून पुरावा मागतो, हे पाहावे लागते. विल्यमने एडवर्डचा कायदा शब्दशः कायम ठेवला, आणि केवळ पुराव्याचा भार इकडचा तिकडे करून देशाचा धनी कोण हे प्रत्येक खेड्याला सांगितले. जेता समुद्रापलीकडूनच येतो असेही नाही. ज्या समाजात एका माणसाची शपथ पुरते आणि दुसऱ्याला तापलेले लोखंड धरावे लागते, तेथे कोणीतरी जिंकलेले आणि कोणीतरी हरलेले अजून आहे, असेच समजावे. इंग्लंडातील तो भेद लोकांनी एकमेकांच्या घरांत सोयरिकी करून मिटवला. राज्यसत्तेला ते कळून यायला आणखी दीड शतकाहून अधिक काळ लागला. आपल्याला तेवढा अवकाश परवडणार नाही.