इमॅजिकाला जायचंय, पण राहायचं कुठे?



शाळेच्या परीक्षा संपत आल्या की गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होतात, वही मिटते आणि सहलीचा विषय निघतो. पूर्वी तो जेजुरी, अष्टविनायक, फार तर महाबळेश्वरपर्यंत जायचा. आता पोरं इमॅजिकाचं नाव घेतात. मी पुण्यात राहून भोर, मुळशी, पुरंदरकडच्या गटांचं काम बघते. त्यामुळे "ताई, तिकडं स्वस्तातलं हॉटेल कुठलं?" असा फोन दर उन्हाळ्यात मला येतोच. मी नाव कधी सांगत नाही. एका गटाला सोयीचं ते दुसऱ्याला अडचणीचं होतं, आणि मालक बदलला की हॉटेलही बदलतं. आज आपण निवड कशी करायची ते बोलू.

आधी जागा समजून घ्या. इमॅजिका रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. २०१३ साली हा पार्क सुरू झाला, नंतर शेजारीच पाण्याचा पार्क आला. पार्काला लागूनच एक मोठं हॉटेल आहे. ऐपत असेल आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथे राहण्यात काही वाईट नाही, दारातून बाहेर पडलं की पार्क. पण दोन-तीन कुटुंबं मिळून जाताना ते खिशाला झेपत नाही, म्हणून आपण बाहेरचं हॉटेल शोधतो. ते तीन ठिकाणी मिळतं: घाटावर लोणावळा-खंडाळ्यात, घाटाखाली खोपोली गावात, नाहीतर खोपोली-पाली रस्त्यावर पार्काच्या आसपास.

नावांचा घोळ मात्र सांभाळा. मोबाईलवर "कर्जत" शोधलं तर आपल्याला हवं ते रायगडातलं कर्जत, अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. वरदविनायकाचं महड खोपोलीपासून सहा किलोमीटरवर आहे. चवदार तळ्याचं महाड तिथून पार दूर, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एका मात्रेचा फरक, पण गाडीभाडं दुप्पट. आणखी एक. खोपोलीला रेल्वे स्टेशन आहे खरं, पण तिथे गाड्या कर्जतकडून येतात. पुण्याहून लोणावळा लोकल पकडलीत तर ती लोणावळ्यालाच थांबते, पुढे घाट उतरायला एसटी किंवा दुसरी गाडी बघावी लागते. एसटीनेच निघणार असाल तर गाडी खोपोली गावात जाते का ते स्टँडवर विचारा, कारण द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या गाड्या गावात शिरत नाहीत. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा हा पर्याय हसण्यावारी नेऊ नका.

आता मुद्द्याचं. बहुतेक जणी खोलीचं भाडं विचारतात आणि तिथेच थांबतात. मी म्हणते, भाडं दुसऱ्यांदा विचारा. पहिला प्रश्न असा असू द्या: रात्री पार्क सुटल्यावर आम्हाला खोलीवर कोण आणून सोडणार?

सकाळी जाताना अडचण नसते. सगळे ताजेतवाने असतात, कुठलीही गाडी मिळते. पण बाहेर पडेपर्यंत अंधार होतो. कडेवरचं पोर झोपलेलं, ओल्या कपड्यांची पिशवी एका हातात, सासूबाईंचे गुडघे दुखतायत. अशा वेळी आपल्याकडच्यासारखं वडाप मिळेल हे गृहीत धरू नका. पार्कापासून खोपोली दहा-बारा किलोमीटर, लोणावळा पंचवीस-तीस, आणि मध्ये बोरघाट. रिक्षांना द्रुतगती मार्गावर बंदी आहे, त्यामुळे रिक्षावाला तयार झाला तरी तो जुन्या रस्त्याने नेणार. रात्री गाडीवाला म्हणेल तो भाव द्यावा लागतो, कारण आपल्यापाशी दुसरा पर्याय नसतो.

एक हिशोब मांडून दाखवते. आकडे समजण्यासाठी घेतलेत, आजचा दर तुम्ही फोन करून घ्या. दोन कुटुंबं, चार मोठी आणि चार लहान. लोणावळ्यात १,८०० रुपयांची खोली, दोन खोल्यांचे ३,६००. जादा गादी ४०० रुपये, दोन गाद्या म्हणजे ८००. नाश्ता बाहेर, माणशी ६० धरले तर ४८०. पार्काला जायची गाडी १,५००, यायची १,५००. बेरीज ७,८८० रुपये. आता पार्काजवळची खोली घ्या, २,८०० रुपयांची. ऐकूनच "बाई गं!" म्हणाल. दोन खोल्यांचे ५,६००. पण गादी आणि नाश्ता त्यातच, आणि हॉटेलचीच गाडी ६०० रुपयांत नेऊन आणते. बेरीज ६,२००. महाग वाटलेली खोली १,६८० रुपयांनी स्वस्त पडली. आपण गटात कर्जाचं व्याज पैशापैशानं मोजणाऱ्या बायका. इथेही तसंच मोजायचं.

म्हणजे लोणावळा नकोच का? तसं नाही. स्वतःची जीप ठरवून जाणार असाल आणि दुसऱ्या दिवशी एकविरा, कार्ल्याची लेणी करायची असतील तर लोणावळ्यात राहणं सोयीचं. मे महिन्यात तर घाटावर आणि घाटाखाली फार फरक असतो. लोणावळ्यात रात्री पंख्यावर झोप लागते. खोपोलीकडे कोकणाची दमट हवा, अंग चिकचिकतं, तिथे एसी लागतो. म्हणून खालचं हॉटेल घेताना दिवे गेल्यावर जनरेटर आहे का, आणि त्यावर एसी चालतो की नुसता दिवा, हे विचारा. पावसाळ्यात उलटं. लोणावळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची इतकी दाटी होते की पंधरा मिनिटांच्या रस्त्याला दोन तास जातात, घाटात धुकंही असतं. आणि पावसाळ्यात तिथे राहिलात तर पोरांना घेऊन धबधब्याच्या पात्रात उतरू नका. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली.

जीपवरून आठवलं, ड्रायव्हर कुठे झोपणार? हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. बिचारा गाडीतच डास मारत पडतो आणि सकाळी आपली सगळी माणसं त्याच्या हाती देऊन आपण बोरघाट चढतो. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी खोली असते. नसेल तर वर्गणी काढून त्याच्या झोपण्याची सोय करा.

आता बंगल्याबद्दल. लोणावळ्याकडे अख्खा बंगला भाड्याने मिळतो, वीस माणसं झोपतात, स्वयंपाकघर असतं, माणशी भाग काढला की फार स्वस्त दिसतो. घरातली पुरुषमंडळी लगेच म्हणतात, "झकास! किराणा घेऊन जाऊ, तिथेच करू जेवण." करू म्हणजे कोण? मुळशीकडच्या आमच्या एका गटातल्या ताई अशाच गेल्या होत्या. रात्री वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या, पहाटे उठून पोहे केले, भांडी घासली. पार्कात पोचल्या तेव्हा अकरा वाजून गेलेले. दुपारनंतर एका बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत डुलक्या काढल्या. तिकिटाचे पैसे पूर्ण भरले होते आणि एकही राईड केली नाही. त्या हसून सांगत होत्या, "बसून तरी मिळालं." मला नाही हसू आलं.

म्हणून बंगला घ्यायचाच असेल तर जेवण बनवून देणारी बाई किंवा आचारी मिळतो का ते विचारा, आणि त्याचे पैसे खर्चात धरा. ते धरल्यावर बंगला स्वस्त राहतो का बघा. बहुतेक वेळा राहत नाही. पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कठडा आहे का, रात्री तो बंद करता येतो का, हेही विचारा. मोठी माणसं दमून झोपलेली आणि लहान पोर पाण्याशी, ही भीती खरी आहे.

नाश्त्याचं का एवढं बोलते? पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. दशम्या, चटणी, लाडवांचा डबा गेटवरच अडतो आणि आतलं खाणं महाग असतं. म्हणजे सकाळी पोटभर खाऊनच निघायला हवं. हॉटेलवाला "नाश्ता फ्री" म्हणाला तर "किती वाजता?" विचारा. नऊला सुरू होणारा नाश्ता, अंघोळीसाठी एकच न्हाणीघर आणि सात माणसं, या गणितात पार्क उघडताना तुम्ही दाराशी नसता. गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत येतं, तेही विचारून ठेवा.

चेक-आऊटचं बघा. बरीच हॉटेलं सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करायला लावतात. काही लॉजवर चोवीस तासांचा हिशोब असतो, संध्याकाळी सहाला घेतली तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत तुमची. पार्क करून त्याच रात्री घरी निघणार असाल तर दिवसभर सामान कुठे ठेवणार? हॉटेल फुकट सांभाळत असेल तर उत्तम. पार्कात लॉकरचे पैसे पडतात. पाण्याच्या पार्कात साडी किंवा सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. तो घरून आणा, नाहीतर तिथे भाड्याने घ्यावा लागतो. परतल्यावर ओले कपडे वाळवायला गच्ची किंवा दोरी आहे का, हा प्रश्न हॉटेलच्या कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही, पण आपल्याला तो पडतोच. मुलांच्या तिकिटासाठी वयाबरोबर उंची बघतात, राईडलाही उंचीची अट असते. घरी भिंतीवर खूण करून उंची मोजून घ्या, म्हणजे तिथे रडारड होत नाही.

थोडं सुरक्षिततेचं. बायकाबायकांचा गट असेल तर शक्यतो सगळ्यांच्या खोल्या एकाच मजल्यावर, जवळजवळ मागा. दाराला आतून कडी आहे का ते सामान ठेवायच्या आधी बघा, नंतर नाही. खाली दारूचं दुकान किंवा परमिट रूम आहे का, हे फोनवर थेट विचारा. लाजायचं कारण नाही. मोठ्या माणसांना ओळखपत्र दाखवावं लागतं. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार काढून द्या, त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

आणि ॲडव्हान्स. इथे बायकांचे पैसे बुडतात. मोबाईलवर सुंदर फोटो, स्वस्त भाव, आणि "आत्ता पाच हजार टाका, नाहीतर खोली जाईल" अशी घाई. घाई करणाऱ्याला पैसे टाकायचेच नाहीत. हॉटेलचा नंबर दोन ठिकाणी ताडून बघा, फोन करून पार्कापासून किती किलोमीटर ते विचारा. "दहा मिनिटं" हे उत्तर धरू नका, किलोमीटर विचारा. जवळची खूण विचारा. खऱ्या हॉटेलातला माणूस ती पटकन सांगतो. पैसे परत देतो म्हणून कुणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. एकूण भाड्यात जीएसटी धरला आहे का ते आधी लिहून मागवा. जुलै २०२२ पर्यंत हजाराच्या आतल्या खोलीला तो नव्हता, आता ती सूट राहिलेली नाही. कर घेतला तर नंबर असलेलं पक्कं बिलही मागा.

पालीला बल्लाळेश्वराच्या देवस्थानचं भक्तनिवास आहे, त्याच रस्त्यावर पुढे. साधी सोय चालत असेल आणि दर्शनही करायचं असेल तर तिथे आधी चौकशी करा. देवाच्या जागी जरा शिस्त असते, दारूचा त्रास नसतो. मला हा पर्याय आवडतो. फक्त पार्कापासून ते बरंच लांब आहे, तेव्हा गाडी स्वतःची हवी. संकष्टीला आणि माघी गणेशोत्सवात तिथे जागा मिळण्याची आशा धरू नका.

पैशाचं म्हणाल तर सहलीसाठी गटातून कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महिना १०० रुपयांची वेगळी पेटी ठेवा, वर्षाला १,२०० होतात. त्यात गाडी आणि मुक्कामाचा आपला भाग निघतो, तिकिटाचं वेगळं बघावं लागेल. पण पेटी आपली असली की हॉटेल निवडायला आपण बसतो. पुढच्या बैठकीत दोघी-तिघींनी मिळून तीन हॉटेलांना फोन करा, एकीने बोलायचं, एकीने वहीत लिहायचं. फोन दुपारी दोन ते चारमध्ये करा, त्या वेळी हॉटेलवाल्यांना बोलायला सवड असते.