निरक्षर पालक आणि मुलांचा अभ्यास



पालकसभेत एक वाक्य हमखास कानी पडते : “गुरुजी, आम्हांला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा.” एवढ्यावरून पालकांस उदासीन ठरविणे सोपे असते. माझ्या मते ही उदासीनता नव्हे, संकोच आहे. ज्या मातेने कधी अक्षर गिरविलेले नाही, तिला वाटते की अभ्यास घेणे म्हणजे शिकविणे. हा गैरसमज दूर करणे हे आपलेच काम होय.

तिने शिकवावयाचे नाही, ऐकावयाचे आहे. भाकरी थापताना मुलाला चुलीजवळ बसवून “आजचा धडा वाच पाहू” एवढे तिने म्हणावे. मूल अडखळले की तिच्या कानाला कळते. त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. मग तीच गोष्ट मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावी. बाजारचा खर्च, दुधाचे माप, आठवड्याची मजुरी यांचा हिशेब मुलाकडून करवून घ्यावा. तोंडी हिशेबात पुष्कळ निरक्षर माताभगिनी किती तरबेज असतात, हे आपण जाणताच.

मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांस नियमित सभा घेऊन कळविणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमान्वये शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु ‘प्रगती असमाधानकारक’ हा शेरा ऐकून पालकास काय बोध होणार? त्याऐवजी “हातच्याची वजाबाकी अडते, रोज दोन उदाहरणे तुमच्यासमोर बसून सोडवू द्या,” असे सांगावे. शिवाय खुरपणीच्या दिवसांत भर दुपारी सभा बोलवावयाची आणि उपस्थिती नाही म्हणून तक्रार करावयाची, हे गैर आहे. दिवेलागणीनंतर वस्तीवर जाऊन बसल्यास चार माणसे अधिक येतील.

बीडसारख्या जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास पालक ऊसतोडीस निघतात. मूल बरोबर गेले की त्याची शाळा तुटते, आणि हंगाम संपून परतल्यावर ते वर्गात मागे पडलेले असते. म्हणून बिऱ्हाड हलण्यापूर्वीच घरी जाऊन बोलावे : मूल आजीपाशी राहील काय? हंगामी वसतिगृहाची सोय झाल्यास पाठवाल काय? मूल मागे राहिले, तर आठवड्यातून एकदा आईला फोन लावून द्यावा आणि मुलाला त्यावरून धडा वाचून दाखवू द्यावा. ऊसतोडीच्या कामातून उसंत बहुधा रात्रीच मिळते. वेळ तिलाच विचारून ठरवावी.