परतीचे तीन दिवस

श्रोतेहो, सहलीच्या गप्पा मारताना माणसं पहिला दिवस सांगतात, मधली मजा सांगतात. शेवटचे दिवस सहसा कुणी सांगत नाही. तोवर पिशवीत धुवायच्या कपड्यांचं गाठोडं झालेलं असतं, बरोबर आणलेले लाडू संपलेले असतात आणि दूधवाल्याला कधीपासून दूध टाकायला सांगायचं याची चर्चा सुरू असते. मी मात्र आज तुम्हाला आमच्या कोकणच्या सहलीचे शेवटचे तीन दिवसच सांगणार आहे. आधीच्या नऊ दिवसांतही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मालवण आणि विजयदुर्ग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेले असतील.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. मी आणि आमचे हे, दोघंच, आमच्या छोट्या गाडीतून पुण्याहून निघालो. कोल्हापूर, आजरा करत आंबोली घाटानं खाली उतरलो, वेंगुर्ल्याला समुद्र गाठला आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं वर यायला लागलो. ही सहल आम्ही कितीतरी वर्षं पुढं ढकलत आलो होतो. आधी मुलांच्या परीक्षा, मग सासूबाईंचं आजारपण, मग माझी शाळा. यांची एकच अट होती, ड्रायव्हर नको. आपली गाडी आणि आपण. गाडी अर्थात हेच चालवणार. लायसन माझ्याकडेही होतं, १९९८ पासून. पण माझी धाव मंडईपर्यंत, आणि तीही रस्त्यावर गर्दी नसेल तर.

दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे माझ्या खिडकीशी. मी सारखी म्हणायची, "अहो, बघा तरी, काय निळा दिसतोय!" आणि हे अख्खी मान वळवून बघायचे. मी रागवायची, की गाडी चालवताना एवढी मान कशाला वळवता? त्याशिवाय माझं दुसरं एक काम चालू होतं. "डावीकडे सायकल." "डावीकडे गडगा आहे, जरा उजवीकडे घ्या." "डावीकडे म्हैस." कोकणातले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. हे हसून म्हणायचे, "ड्रायव्हर एक आणि मास्तरीण एक!" नऊ दिवस हे असं चाललं आणि मला काहीही कळलं नाही. आता सांगताना लाज वाटते.

दहाव्या दिवशी सकाळी रत्नागिरी सोडली. आरे-वारेचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याबद्दल काही सांगायला नको. गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं. केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा, या मालगुंडचाच. हे तिथल्या घराच्या पायरीवर अडखळले. पायरी डावीकडे होती. मी म्हटलं, चष्मा पुसा.

तिथून जयगडकडे निघालो की रस्ता सड्यावर चढतो. सडा म्हणजे कातळाचं पठार. पावसाळ्यात तिथे फुलं असतात, जानेवारीत मात्र वाळलेलं गवत आणि काळा कातळ, बस्स. झाड नाही, घर नाही, एखादा माणूस चालत असला तर लांबून दिसतो. डावीकडच्या पायवाटेनं शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवरून मुख्य रस्त्याकडे येत होती. मला ती केव्हाची दिसत होती. दिसत होती म्हणूनच मी बोलले नाही. इतक्या उघड्यावर काय सांगायचं?

गाडीचा वेग कमी झाला नाही. मी किंचाळले. यांनी ब्रेक दाबला. मुलीनं दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, सायकल तिरकी झाली, दप्तर खाली पडलं. तिच्यात आणि आमच्या गाडीत हातभर अंतर असेल. मी खाली उतरले. तिला काही लागलं नव्हतं. तिनं दप्तर उचललं, आमच्याकडे एकदा रोखून बघितलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

हे म्हणाले, "ही आली कुठून?"

श्रोतेहो, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्या कुठल्याही रस्त्यावर ते खपून गेलं असतं. पण सड्यावर?

जयगडच्या धक्क्यावर येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. शास्त्री नदीची खाडी इथं समुद्राला मिळते. पलीकडे तवसाळ. फेरीबोटीनं, म्हणजे तिकडची मंडळी जिला जंगलजेटी म्हणतात तिनं, गाडीसकट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाता येतं. नाहीतर मोठा वळसा. बोट यायला वेळ होता. मी म्हटलं, "चावी द्या."

"रिव्हर्समध्ये चढवावी लागते गाडी. उतारावरून. तुला नाही जमायचं."

"नाही जमलं तर नाही जमलं. चावी द्या."

त्यांनी दिली. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षांत या माणसानं पहिल्या मागणीला मला कुठली गोष्ट दिली असेल तर ती ही चावी.

गाडी कशी चढवली ते विचारू नका. दोनदा बंद पडली. बोटीवरचा मुलगा हातवारे करत होता, "येऊ द्या काकू, येऊ द्या, आता सरळ, सरळऽऽ", आणि मोटरसायकलवाले मजा बघत उभे. शेवटी चढली. हात इतके थरथरत होते की हँडब्रेक त्या मुलानंच ओढला.

हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन आम्ही खाली समुद्रावर बामणघळ बघायला गेलो. खडकात एक अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. भेगेच्या तळाशी नुसतं गुळगुळ पाणी. बघायला आलेली दोन-तीन कुटुंबं हिरमुसून परत गेली. आम्ही खडकावर बसून राहिलो आणि तिथं हे बोलले.

त्यांना माहीत होतं. काय आहे ते माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे माहीत होतं. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला गाडी घासली होती. माझ्या नकळत तो ओरखडा रंगवून घेतला होता. जिन्यात शेजारच्या काकांशी दोनदा टक्कर झाली होती. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून आले, नंबर तोच. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता आली. म्हणून मग गप्प बसले. "डॉक्टरकडे गेलो असतो आणि त्यानं गाडी बंद कर म्हटलं असतं, तर ही सहल राहिली असती. परत गेल्यावर तुला सांगणारच होतो."

खरं सांगते, मला त्यांची दया वाटायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी होती. मी म्हटलं, "तिच्या आईला काय सांगणार होतात? आमची सहल राहिली असती म्हणून?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. मी उठले आणि गाडीशी जाऊन उभी राहिले. गुहागरला पोहोचेपर्यंत मी एवढंच बोलले, "वेळणेश्वरला थांबायचंय का?" आणि ते म्हणाले, "नको."

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरी उतरलो. यजमीणबाईंनी उकडीचे मोदक केले होते. आदल्या दिवशी आम्हीच फोन करून हौसेनं सांगितलं होतं. दोघांनी एकेक खाल्ला. त्या माउलीला वाटलं, मोदक बिघडले. रात्री वाडीतून समुद्राची गाज येत होती. हे झोपले असावेत असं मला वाटलं, तर अंधारात म्हणाले, "त्या मुलीला शोधायला परत जायचं का?" मी म्हटलं, "शोधून काय करणार?" थोड्या वेळानं म्हणाले, "तेही खरंच."

अकराव्या दिवशी धोपाव्याला वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरलो. या वेळी जंगलजेटीवर गाडी एकदाच बंद पडली. दाभोळ ते दापोली रस्ता वळणावळणाचा, चढउताराचा. मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. मागून एसटी आली की बाजूला थांबून तिला पुढे जाऊ द्यायची. एकदा तर एका टेम्पोवाल्यानं थांबून विचारलं, "गाडी बिघडली काय?" हे शेजारी बसून होते. आधी दर वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, नसलेल्या ब्रेकवर. निम्म्या वाटेनंतर तो थांबला.

दापोलीला आल्यावर मी हात टेकले. ताम्हिणी घाट माझ्याच्यानं होणार नव्हता आणि मला शूर व्हायचंही नव्हतं. मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं आणि सकाळी एक मुलगा पुण्यापर्यंत गाडी चालवायला आला. ड्रायव्हर नको या अटीचं असं झालं.

बाराव्या दिवशी तो पुढे बसला, सामान त्याच्या शेजारी, आणि आम्ही दोघं मागे. आमच्याच गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो नव्हतो कधी. माणगाव मागे पडलं, घाट सुरू झाला. तो मुलगा सुरेख गाडी चालवत होता, पण गाणी फार मोठ्यानं लावत होता. यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, म्हणजे तू सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. अखेर कुणीच सांगितलं नाही आणि आम्ही ती गाणी पुण्यापर्यंत ऐकली. मुळशीचं पाणी दिसलं तेव्हा मी सवयीनं "बघा तरी" म्हणाले आणि लगेच गप्प झाले. त्यांनी मान वळवून बघितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांतला दाब मोजला, बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं, आणि मग एक तपासणी केली. पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. कागद छापून आला. डाव्या डोळ्याच्या नकाशात बराच भाग काळा होता, उजव्यातही सुरुवात झाली होती. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात. जातं ते आधी बहुधा बाजूचं. आणि गेलेलं परत येत नाही. औषधांनी उरलेलं राखता येतं. चाळिशीनंतर नंबराबरोबर डोळ्यांतला दाबही तपासून घ्यावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून माझ्या धाकट्या दिरांनाही पाठवलं. त्यांचाही दाब वाढलेला निघाला. पण ते वेळेत सापडले.

यांची गाडी बंद झाली. पहिले काही महिने घरात कठीण गेले, ते इथे सांगत नाही. रोज रात्री नऊ वाजता थेंब घालायचे असतात. ते मी घालते, कारण यांचा नेम चुकतो आणि औषध गालावर जातं.

गाडी आता मी चालवते. अजून घाटात नाही, पण मंडईच्या पुढे बरीच. परवा लक्ष्मी रस्त्यावरून येत होतो. हे शेजारी बसले होते. मी एकदम मोठ्यानं म्हणाले, "डावीकडे सायकल!"

हे शांतपणे म्हणाले, "अगं, कुणाला सांगतेस? चालवतेयस तू."