‘आळशी’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी



वर्गातील एखादा मुलगा आठवड्यातून तीन दिवस उशिरा येतो, त्याची पाटी कोरी असते आणि प्रश्न विचारताच तो मान खाली घालतो. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडी सहज शब्द येतो, ‘आळशी’. परंतु तोच शिक्षक एखाद्या दिवशी उशिरा पोहोचला, तर ‘एस. टी. चुकली’ असे सांगतो. स्वतःच्या वर्तनाचे कारण तो परिस्थितीत शोधतो. मुलाच्या वर्तनाचे कारण मात्र मुलाच्या स्वभावात.

हा दोष केवळ शिक्षकाचा नव्हे. अमेरिकेत जोन्स व हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कास्ट्रोविषयीचे निबंध वाचावयास दिले. निबंधाची बाजू लेखकाने स्वतः निवडलेली नसून ती त्याला नेमून दिलेली होती, असे सांगितल्यावरही वाचकांना ते बहुतांशी लेखकाचेच मत वाटले. ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीस कारणमीमांसेतील मूलभूत दोष असे नाव दिले. वर्तन डोळ्यांसमोर असते. त्यामागील परिस्थिती दृष्टीआड राहते.

उशिरा येणाऱ्या त्या मुलाचे आईबाप दिवाळीपूर्वीच ऊसतोडीस गेलेले असू शकतात. घरी वृद्ध आजी व धाकटी बहीण. पाणी भरून, शेळी बांधून मगच त्याला शाळेची वाट धरता येते. असे घर एकदा पाहिलेला शिक्षक त्याला आळशी म्हणू धजणार नाही.

परिस्थिती केवळ घरी नसते, ती वर्गातही असते. धडा संपताच शिक्षक विचारतो, ‘समजले का?’ सारा वर्ग एका सुरात ‘हो गुरुजी’ म्हणतो. ज्याला काहीच उमगले नाही, तोही त्या सुरात सूर मिसळतो. यास लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन तरुणांना केवळ रेषांची लांबी ताडून पाहावयाची होती. गटातील इतर सर्वजण आधी ठरल्याप्रमाणे चुकीचे उत्तर देत. तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश तरुण एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून गटाच्या मागे गेले. मात्र गटात खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण पुष्कळ उतरले. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहावयाचे असतानाही ते घटले.

जिथे सुशिक्षित तरुणांची ही गत, तिथे आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने ‘नाही समजले’ म्हणावे, ही अपेक्षा अवास्तव होय. शिक्षकाने उत्तर प्रथम प्रत्येकाच्या पाटीवर लिहवून घ्यावे, आणि ‘समजले नाही’ म्हणणाऱ्या पहिल्या मुलाची पाठ थोपटावी. तो एक उभा राहिला की दुसऱ्यास सोबती मिळतो.

शिक्षकाचा शब्द हाही मुलावरील एक मोठा प्रभाव आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेला शिकागो येथील एक प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. तेथे पाचव्या इयत्तेच्या एका वर्गास ‘स्वच्छ राहावे’ असा उपदेश काही दिवस करण्यात आला. दुसऱ्या वर्गास ‘तुम्ही स्वच्छ मुले आहात’ असे सांगण्यात आले. तिसऱ्यास काहीच सांगितले नाही. केर टोपलीत टाकण्याची सवय दुसऱ्या वर्गात अधिक दिसली आणि पुढेही टिकली. मुलाला जे म्हणावे, ते तो स्वतःविषयी मानू लागतो. हे जाणले म्हणजे ‘आळशी’ या शब्दाचे वजन ध्यानी येते. तो शब्द रोज ऐकणारे मूल एके दिवशी यावयाचेच थांबते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरीच्या खुणा उरतात.

म्हणून, ‘हा असा का आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘याच्यावर असे काय ओढवले आहे?’ हा प्रश्न शिक्षकाने आधी स्वतःस विचारावा. शिस्त त्यामुळे सैल होत नाही. उशिरा येणाऱ्यास वेळेवर आणण्याचा मार्ग मात्र सापडतो.