वजन : थेंबाथेंबाने चढते, पावलापावलाने उतरते

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर रुग्णालयाच्या मधुमेह विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



वार्षिक सभेत साधारणतः नव्या यंत्रसामग्रीची, वाढलेल्या खाटांची आणि पार पडलेल्या शस्त्रक्रियांची माहिती दिली जाते. ती द्यायलाच हवी. कारण ती आपल्याच औदार्याची फलश्रुती आहे. मला नेमून दिलेल्या विषयाला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही, औषधाचा खर्च येत नाही. आणि तरीही तो घरोघरी रुजला, तर आमच्या विभागातील अनेक खाटा रिकाम्या राहतील. गोड शीतपेये क्रमाक्रमाने कमी करणे, रोज थोडे चालणे आणि त्यायोगे वजन सावकाश उतरविणे, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. म्हणून आधी त्याची व्याप्ती सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. पायाची जखम न भरणे, दृष्टी अधू होणे, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ येणे, या सर्व वाटा अनेकदा तेथूनच निघतात. डायलिसिसच्या खोलीबाहेर बसलेल्या कुटुंबीयांना त्याची किंमत मी वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

“आम्ही काही लठ्ठ नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. येथे आपल्या पुण्यातील एक दाखला देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन वैद्यकांची शरीरमापे २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शेजारी शेजारी छापून आली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते, हा त्याचा अर्थ. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात, आणि पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा समजतात. घरात शिवणकामाची टेप असते. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एकदा ती वापरावी, ही विनंती.

आता शीतपेयाकडे वळू. साधा सोडा म्हणजे कर्बवायू मिसळलेले पाणी. त्याने वजन वाढत नाही. दोष आहे तो त्यात विरघळविलेल्या साखरेचा. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा ते सात चमचे. ६०० मिलिलिटरच्या बाटलीत ती याच्या दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत, राहिल्यास अधिक उत्तम. याचा अर्थ, एका लहान बाटलीतच दिवसाचा तो हिशेब ओलांडला जातो, आणि चहातील साखर अद्याप मोजायचीच आहे.

शिवाय प्यायलेली साखर पोटाला कळत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००० साली एक लहानसा पण बोधप्रद प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच व्यक्तींना चार आठवडे रोज ४५० उष्मांकांच्या गोड गोळ्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच उष्मांकांचे गोड पेय देण्यात आले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचे जेवण आपोआप तेवढ्याने कमी झाले. पेय घेतले तेव्हा जेवणात काहीच घट झाली नाही आणि वजन वाढले. चार लाडू खाल्ले तर आपण रात्री पोळी नको म्हणतो. शीतपेय पिऊन कोणी पोळी नाकारल्याचे पाहण्यात नाही.

मग हे पेय सोडल्याने किती लाभ होतो? येथे अतिशयोक्ती टाळणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. लहान बाटलीत सुमारे १३० उष्मांक असतात. रोजची एक बाटली सोडल्यास वर्षात सहा किलो वजन उतरेल, असे कागदावरचे गणित सांगते. प्रत्यक्षात शरीर जसजसे हलके होते तसतशी त्याची ऊर्जेची गरजही घटते, आणि उतरण्याचा वेग मंदावतो. डॉ. केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार, रोजच्या आहारातील २४ उष्मांकांची कायमची घट म्हणजे अखेरीस सुमारे एक किलोची घट. परंतु त्यातील निम्मी पहिल्या वर्षात आणि उरलेली बहुतेक पुढील दोन वर्षांत होते. म्हणजे बाटली सोडणाऱ्याचे वजन पहिल्या वर्षी अडीच किलोंच्या आसपास आणि तीन वर्षांत पाच किलोंच्या आसपास उतरावे. “एवढेच?” असे म्हणून महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या जाहिरातींकडे धावणाऱ्यांना एवढेच सांगतो, की झपाट्याने वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि गेलेले वजन बहुधा परत येते.

थोड्या घटीचे मोलही थोडे नसते. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. रक्तदाबही किलोमागे साधारण एका अंकाने उतरतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींपुढे वजन सात टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्यातून १५० मिनिटे व्यायाम करणे, हे उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायामाने ही जोखीम २८.५ टक्क्यांनी कमी झाली. आणि लक्षणीय गोष्ट अशी, की तेथे वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती. काटा हलला नाही म्हणून चालणे व्यर्थ गेले, असे म्हणू नये, हा त्याचा बोध.

व्यायामाचे स्थानही नीट समजून घ्यावे. सत्तर किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालली, तर जेमतेम एका लहान बाटलीएवढे उष्मांक खर्च होतात. म्हणजे चालून आल्यावर टपरीवर तीच बाटली उघडली, तर हिशेब पुन्हा शून्यावर येतो. म्हणून वजन उतरविण्याचे काम मुख्यतः ताटात आणि पेल्यात होते. उतरलेले वजन टिकविण्याचे, स्नायू राखण्याचे आणि साखर आटोक्यात ठेवण्याचे काम पाय करतात. दोहोंपैकी एकाला सोडून दुसऱ्याचा पुरता उपयोग नाही.

आमच्या बाह्यरुग्ण विभागातील एका मालमोटारचालकाचा अनुभव, त्यांची ओळख न देता, सांगतो. वय शेहेचाळीस, वजन एक्याण्णव किलो. रात्री झोप येऊ नये म्हणून रोज ६०० मिलिलिटरची कोलाची बाटली. एकदम सोडा, असे त्यांना सांगितले नाही. कारण कोलातील कॅफीन अचानक थांबले की डोके दुखते आणि माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा बाटलीकडे वळतो. पहिले दोन आठवडे अर्धी बाटली, पुढे लहान बाटली, मग दिवसाआड, आणि तिसऱ्या महिन्यापासून फक्त सणासमारंभाला, असा क्रम ठरला. जागरणासाठी बिनसाखरेचा चहा आणि जेथे गाडी थांबेल तेथे वीस मिनिटे चालणे. त्यांच्या पत्नीने घरात बाटली आणणे बंद केले आणि प्रवासाच्या डब्याबरोबर ताकाची बाटली देण्यास आरंभ केला. लग्नसराईच्या दोन महिन्यांत वजन तसूभरही हलले नाही, एकदा तर किलोभर वाढले. चौदा महिन्यांनी काटा चौऱ्याऐंशीवर आला. त्यांनी वजनापेक्षा दुसरीच गोष्ट आनंदाने सांगितली : धाकटी मुलगी आता शीतपेय मागत नाही. घरातील एकाचे पथ्य हे असे साऱ्या घराचे होते.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना करतो. तहान लागल्यावर प्रथम पाणी प्यावे. ताक, कमी मीठ घातलेले लिंबूपाणी, साखर न घातलेले कोकम आणि सोलकढी ही आपली स्वतःची पेये आहेत. पन्हे, उसाचा रस आणि डब्यातील फळांचे रस यांना मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून सवलत देऊ नये. साखर तेथेही साखरच असते. साखरविरहित शीतपेय ही काही काळ कुबडी होऊ शकेल. परंतु वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडव्यावर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. चालण्याचा आरंभ दहा मिनिटांपासून करून आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोचावे. दोन दिवस सूर्यनमस्कार किंवा बसण्या-उठण्यासारखा स्नायूंचा व्यायाम करावा. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच काट्यावर करून वहीत लिहावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे बदल वैद्यकांना सांगूनच करावेत. औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर अवाजवी उतरू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणी विचारल्याविना घेऊ नये. छातीत दुखणे वा धाप लागणे असल्यास आधी तपासणी, मग चालणे.

अखेरीस दोन विनंत्या. रुग्णांच्या कुटुंबीयांना : भेटीस येताना मायेपोटी शीतपेयाची वा फळांच्या रसाची बाटली आणू नका, रुग्णाबरोबर व्हरांड्यात दहा पावले चालता आली, तर ती भेट अधिक मोलाची ठरेल. आणि विश्वस्त मंडळाला : आपल्या उपाहारगृहात दर्शनी भागी शीतपेयांचा फ्रीज उभा आहे. त्याच्या विक्रीतून उत्पन्न मिळते आणि ते उत्पन्न गरीब रुग्णांच्याच कामी येते, हे मी जाणतो. म्हणून ही मागणी सोपी नाही, याचीही मला जाणीव आहे. तथापि तळमजल्यावर जी साखर आपण विकतो, तिच्याच परिणामांवर वरच्या मजल्यावर सवलतीत उपचार करतो, हा व्यवहार न्यासाच्या हेतूशी जुळत नाही. त्या जागी थंड पाण्याचे यंत्र आणि ताकाची सोय झाली, तर त्या उत्पन्नाची तूट भरून काढण्यास येथे बसलेल्या देणगीदारांपैकी कोणीतरी पुढे येईल, असा मला विश्वास वाटतो.