दात्याचे मूळ



विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना दंतवैद्याची आठवण झाली असेल. ती अगदीच अस्थानी नाही; हाही दात मुळाशीच दगा देतो. हा पाहा उसाच्या चरकातील दंतचक्राचा मोडका दाता. ऐन गळितात तो तुटला, चरक बंद पडला आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहिला. सर्वांनी दोष पोलादाला दिला. मला तो आकाराचा वाटतो.

दुसऱ्या चक्राच्या दात्यावर घासणारी जी बाजू, तिचा आकार आपल्या मर्जीचा नाही. एक चक्र एकसारखे फिरले तर दुसऱ्यानेही एकसारखेच फिरावे, ही गणिताची अट. अठराव्या शतकात ऑयलरने त्यासाठी इन्व्होल्यूट वक्र सुचविला. रिळावरचा दोरा ताणून धरून उलगडत जावा. त्याचे टोक जी रेषा काढील तीच ही. चक्रांमधील अंतर थोडे कमीजास्त झाले तरी गतीचे प्रमाण ढळत नाही. गणित इतके क्षमाशील क्वचितच असते!

पण दाता चक्राच्या अंगात मिसळतो त्या खोलगट कोपऱ्याचे काय? तेथे दुसरे चक्र टेकतही नाही. म्हणून तो कोपरा पिढ्यान्‌पिढ्या हत्याराच्या स्वाधीन राहिला; हत्याराच्या टोकाला गोलाई जेवढी, तेवढी त्याला. १८९२ साली विल्फ्रेड लुइसने दाता म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली तुळई असे मानून त्याच्या बळाचे सूत्र मांडले. कोपऱ्यात ताण किती एकवटतो, याचा हिशेब त्यात नव्हता. १९४२ साली इलिनॉय विद्यापीठात डोलन आणि ब्रोघॅमर यांनी दात्यांचे पारदर्शक नमुने दाबून ध्रुवित प्रकाशात पाहिले, तेव्हा ताणाचे पट्टे कोपऱ्यात दाटलेले दिसले.

हा तुकडा पुन्हा पाहा. मोडलेला पृष्ठभाग एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला खडबडीत आहे. मुळाशी केसाएवढी चीर पडली, हजारो फेऱ्यांत ती पुढे सरकली, तो गुळगुळीत भाग. उरलेला शेवटच्या क्षणी तटकन तुटला.

आता संगणकावर या कोपऱ्याची रेषा बिंदूबिंदूंनी सरकवून, दरवेळी ताण मोजून, तो कमीत कमी होईल असा आकार शोधतात. कार्लसरूहच्या क्लाउस माटहेक यांनी ही युक्ती झाडाकडून घेतली. फांदी खोडाला मिळते तेथे ताण अधिक, म्हणून झाड तेथे लाकूडही अधिक भरते. असा कोपरा एकाच वर्तुळाचा तुकडा नसतो. त्याची वक्रता हळूहळू बदलत जाते.

नवे चक्र करविताना असे चित्र मी कारागिरापुढे ठेवले. तो म्हणाला, “साहेब, हे कापायला हत्यार कुठून आणू?” प्रश्न रास्त होता. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या किंवा धातूची भुकटी दाबून केलेल्या चक्रांना ही अडचण फारशी नाही. साचाच तसा घडविता येतो. एका चरकासाठी मात्र खास हत्यार परवडणारे नव्हते. शेवटी ठरले ते असे: समोरच्या दात्याचे टोक अडणार नाही इतपत हत्याराच्या टोकाला अधिक गोलाई द्यायची. तेवढे त्याने केले.

हा दाता आता पहिल्या रांगेत देतो. पाहून झाल्यावर मागे सरकवावा.